डिजिटल कॅमेरा घेताना मेमरी कार्ड कोणते, हे आधी पाहा

डिजिटल कॅमेरा विकत घ्यायला निघालेला ग्राहक दुकानात साधारणपणे तीन गोष्टी विचारतो : मेगापिक्सेल किती, झूम किती आणि कंपनी कोणती. कॅमेऱ्यात कोणते मेमरी कार्ड बसते, हा प्रश्न बहुधा बिल झाल्यावर सुचतो. पुण्या-मुंबईत हा विसर फारसा महाग पडत नाही. एका दुकानात कार्ड नसले तर पुढच्या दुकानात मिळते. यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणीसारख्या तालुक्यात मात्र तोच विसर कॅमेरा कपाटात पडून राहण्यास पुरेसा ठरतो.

जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, तेलंगणाच्या सीमेला लागून हा तालुका आहे. मुकुटबन, पाटण, शिबला ही त्यातली ओळखीची गावे. मोठी खरेदी करायची तर वणी किंवा पांढरकवडा गाठावे लागते आणि कॅमेऱ्याच्या दुरुस्तीसाठी नागपूरसारखे मोठे शहर. अशा ठिकाणी लग्नाचे फोटो काढून उदरनिर्वाह करणाऱ्या छायाचित्रकारासाठी किंवा शहरातील मुलाने गावी आईवडिलांसाठी पाठवलेल्या कॅमेऱ्यासाठी एकच कसोटी लावता येते. मोबाईलच्या साध्या दुकानात मिळणारे कार्ड त्यात चालते का? उत्तर ‘नाही’ असेल तर कॅमेऱ्यावर नाव कितीही मोठे असो, खरेदीपूर्वी दोनदा विचार करावा.

मोबाईलच्या काळात हा विषय शिळा वाटेल. २०१० मध्ये जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्या आत आला. परंतु गेल्या काही वर्षांत एक उलटा प्रवाहही दिसू लागला आहे. २००० ते २०१० या दशकातील खिशात मावणारे छोटे कॅमेरे तरुण मंडळी आवडीने शोधत आहेत. त्या फोटोंचा रंग त्यांना भावतो. साहजिकच जुने कॅमेरे कपाटांतून बाहेर निघून वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात आले आहेत आणि त्यांच्यासोबत त्या काळातील कार्डांचा घोळही परत आला आहे.

कार्डांची भाऊबंदकी

हा घोळ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९९४ मध्ये सॅनडिस्क कंपनीने कॉम्पॅक्टफ्लॅश हे कार्ड आणले. पाठोपाठ तोशिबाचे पातळ, बिस्किटासारखे स्मार्टमीडिया आले. १९९८ मध्ये सोनीने मेमरी स्टिक जाहीर केली. च्युइंगगमच्या वडीसारखी दिसणारी ही पट्टी सोनीच्या कॅमेऱ्यांत, लॅपटॉपमध्ये आणि पुढे व्हिडिओ गेमच्या यंत्रांतही चालत असे. ज्याच्या घरी सगळे काही सोनीचे, त्याची सोय झाली, इतरांची गैरसोय. ऑगस्ट १९९९ मध्ये सॅनडिस्क, तोशिबा आणि मात्सुशिता (आजची पॅनासॉनिक) या तिघांनी मिळून एसडी कार्डाची घोषणा केली व पुढील वर्षाच्या आरंभी त्यासाठी संघटना स्थापन केली. ऑलिंपस आणि फुजीफिल्म यांनी त्यांत सामील न होता २००२ मध्ये एक्सडी पिक्चर कार्ड नावाचे स्वतःचे चिमुकले कार्ड काढले.

प्रत्येक कंपनीने आपले कार्डच कसे उत्तम, हे सांगितले. खरे कारण सरळ व्यापारी होते. कॅमेरा एकदाच विकला जातो, कार्ड वारंवार. शिवाय दोन-चार कार्डे घेतलेला ग्राहक पुढचा कॅमेराही त्याच कंपनीचा घेण्याची शक्यता वाढते. ऑलिंपसने तर याही पुढचे पाऊल टाकले. तिच्या अनेक कॅमेऱ्यांतील पॅनोरमाची सोय एक्सडी कार्डावर ऑलिंपसचेच नाव असेल तरच सुरू होत असे. फुजीफिल्मचे तेच कार्ड टाकले की बंद. एसडी हेही काही धर्मादाय काम नव्हे. ते वापरणाऱ्या उत्पादकांना परवान्याचे शुल्क भरावे लागते. फरक इतकाच, की शुल्क भरून कोणीही ते बनवू शकतो, त्यामुळे उत्पादक वाढले आणि किमती उतरल्या.

एक्सडी मागे पडण्यात तांत्रिक कारणाचाही मोठा वाटा होता. कार्डातील माहिती कोठे लिहायची, खराब झालेला भाग कसा टाळायचा, हे काम एक नियंत्रक चिप करते. एसडी आणि कॉम्पॅक्टफ्लॅश यांत ही चिप कार्डाच्या पोटातच असते. स्मार्टमीडिया आणि एक्सडी यांत ती नव्हती. ते काम कॅमेऱ्यानेच करायचे होते. त्यामुळे कार्ड पातळ व साधे झाले खरे, पण आतील मेमरीची रचना बदलली की जुन्या कॅमेऱ्याला ती उमगेना. स्मार्टमीडिया १२८ मेगाबाइटवर अडकले. एक्सडीच्या ‘एम’ आणि ‘एच’ प्रकारांची कार्डे काही जुने कॅमेरे नाकारू लागले आणि कागदावर ८ गिगाबाइटपर्यंतची स्वप्ने पाहणारे हे कार्ड प्रत्यक्षात २ गिगाबाइटच्या पुढे गेलेच नाही. त्याच काळात एसडीचा एसडीएचसी हा नवा अवतार ३२ गिगाबाइटपर्यंत जाऊन पोहोचला होता.

मेमरी स्टिकचीही कथा वेगळी नाही. मूळ पट्टीची मर्यादा १२८ मेगाबाइट. ती ओलांडण्यासाठी २००३ मध्ये मेमरी स्टिक प्रो आली, जी पहिल्या पिढीतील कॅमेऱ्यांना वाचता येत नव्हती. आकाराने लहान ड्युओ आणि त्याहून लहान एम२ असे आणखी प्रकार झाले. एकाच कंपनीची निष्ठावान गिऱ्हाइकेही त्यामुळे गोंधळली. अखेर फुजीफिल्मने २००७ च्या सुमारास एक्सडीबरोबर एसडीही चालेल असे स्लॉट देण्यास सुरुवात केली आणि २०१० मध्ये सोनी व ऑलिंपस या दोघांनीही छोट्या कॅमेऱ्यांत एसडीला जागा दिली. भांडण मिटले, पण तोवर ज्यांनी खरेदी केली होती त्यांच्या पदरी मात्र अडगळच आली.

नावावर किती विसंबावे?

‘चांगल्या कंपनीचा घ्या, म्हणजे डोक्याला ताप नाही,’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला. तो अगदीच चुकीचा नाही, परंतु कॅमेऱ्याच्या बाबतीत अपुरा आहे. २००५ च्या अखेरच्या महिन्यांत त्याचा प्रत्यय आला. कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, ऑलिंपस, कोनिका मिनोल्टा, रिको आणि खुद्द सोनी, अशा अनेक कंपन्यांना एकापाठोपाठ एक जाहीर करावे लागले, की आपल्या काही कॅमेऱ्यांतील सीसीडी, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, निकामी होत आहे. पडद्यावर चित्र वेडेवाकडे, जांभळट किंवा पूर्ण काळे दिसे. या सगळ्या चिपा सोनीच्या कारखान्यातून आलेल्या होत्या. ग्राहक सात वेगवेगळ्या ब्रँडांची तुलना करीत बसला होता, आणि कॅमेऱ्याचा डोळा मात्र एकाच घरचा होता! कंपन्यांनी दुरुस्ती मोफत करून दिली, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे.

या दोषाचे कारण विदर्भातील वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे. उष्ण आणि दमट हवेत चिपच्या आतील सूक्ष्म तारांची जोडणी सुटत होती. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत कामाचे तापमान दिलेले असते : ० ते ४० अंश सेल्सिअस. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. म्हणजे लग्नसराईच्या ऐन हंगामात कॅमेरा उत्पादकाने घालून दिलेल्या मर्यादेच्या बाहेरच काम करीत असतो. तो लगेच बंद पडतो असे नाही. परंतु उन्हात उभ्या केलेल्या जीपमध्ये कॅमेरा ठेवणे टाळावे आणि पावसाळ्यात लेन्सवर बुरशी चढू नये म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह तो ठेवावा, एवढी काळजी मेगापिक्सेलच्या आकड्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

भरवशाचा दुसरा भाग म्हणजे कंपनी या धंद्यात टिकेल काय. कोनिका आणि मिनोल्टा या दोन जुन्या कंपन्या २००३ मध्ये एकत्र आल्या आणि जानेवारी २००६ मध्ये त्यांनी कॅमेऱ्याच्या व्यवसायातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. त्यांचा एसएलआरचा भाग सोनीकडे गेला. गंमत अशी, की त्यातून २००६ मध्येच आलेल्या सोनीच्या अल्फा १०० मध्ये मुख्य कार्ड कॉम्पॅक्टफ्लॅश होते. स्वतःची मेमरी स्टिक अडॅप्टर लावून वापरावी लागे. १९७५ मध्ये आपल्याच प्रयोगशाळेत पहिला डिजिटल कॅमेरा घडवणाऱ्या कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला व डिजिटल कॅमेरे बनवणे थांबवले. त्यानंतर त्या नावाने विकले गेलेले कॅमेरे परवाना घेतलेल्या दुसऱ्याच कंपनीचे आहेत. कॅसिओने २०१८ मध्ये छोटे कॅमेरे बंद केले. ऑलिंपसचा कॅमेरा विभाग १ जानेवारी २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्युशन्स या वेगळ्या कंपनीकडे गेला. यांतील कोणतेही नाव ऐरेगैरे नव्हते.

म्हणूनच ब्रँडचा विचार करताना जाहिरातीपेक्षा जमिनीवरची माहिती घ्यावी. अधिकृत सेवा केंद्र कोणत्या शहरात आहे? तेथपर्यंत कॅमेरा पाठवण्याची सोय कोण करतो? बॅटरी स्वतंत्र मिळते का? साध्या पेन्सिल सेलवर चालणारे जुने कॅमेरे खेड्यात लोकप्रिय का होते, हे यावरून कळावे. कंपनीच्या भारतातील शाखेचे वॉरंटी कार्ड आणि पक्के बिल घेतल्याखेरीज पैसे देऊ नयेत. परदेशातून परस्पर आणलेला कॅमेरा थोडा स्वस्त मिळतो, पण त्याची वॉरंटी येथे मानली जाईलच असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाल्यापासून ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. नागपूर वा मुंबईच्या दुकानातील खरेदीसाठी झरी जामणीच्या ग्राहकाला यवतमाळचे दार उघडे आहे. मात्र त्यासाठी बिल हवे.

आजची निवड

आज सर्वसाधारण ग्राहकाने एसडी कार्डाचा कॅमेरा घ्यावा, यात फारसा वाद नाही. मोबाईलच्या दुकानातील मायक्रोएसडी कार्ड अडॅप्टरमध्ये घालून बहुतेक कॅमेऱ्यांत वापरता येते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. व्हिडिओसाठी कार्डावर व्ही३० ही खूण पाहावी. सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची ती हमी असते. महागड्या कॅमेऱ्यांत मात्र जुना खेळ नव्या रूपात दिसतो. निकॉनच्या डी४ मध्ये २०१२ साली आलेले एक्सक्यूडी कार्ड फार थोड्या उत्पादकांनी बनवले. त्याच आकाराचे सीएफएक्सप्रेस टाइप बी नंतर आले आणि निकॉनने आपल्या काही कॅमेऱ्यांना फर्मवेअर बदलून ते चालवण्याची मुभा दिली. सीएफएक्सप्रेस टाइप ए हे आकाराने लहान कार्ड मुख्यतः सोनीच्या कॅमेऱ्यांत दिसते. २०२० च्या ए७एस ३ मध्ये त्याच स्लॉटमध्ये एसडीही बसेल अशी सोय सोनीने केली. मेमरी स्टिकचा अनुभव वाया गेला नाही म्हणायचा. लग्नाची कामे घेणाऱ्याने दोन स्लॉटचा कॅमेरा पाहावा आणि प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर लिहिला जाईल असे ठेवावे. मुहूर्ताचा क्षण पुन्हा टिपता येत नाही आणि कार्ड खराब झाल्याचा खुलासा वधूपित्याला पटत नाही.

जुना कॅमेरा घेणाऱ्यांसाठी एक अडचण फसवी आहे. एसडी, एसडीएचसी आणि एसडीएक्ससी या तिन्ही कार्डांचा आकार सारखाच आहे. २००५ सालच्या कॅमेऱ्यात आजचे ६४ गिगाबाइटचे कार्ड सहज शिरते, पण कॅमेरा ते ओळखत नाही आणि घेणारा कॅमेराच बिघडला असे समजतो. अशा कॅमेऱ्यांना २ गिगाबाइट किंवा त्याहून कमी क्षमतेचे साधे एसडी लागते. ते घेताना आणि एकूणच स्वस्तातले कार्ड घेताना बनावट मालापासून सावध राहावे. कार्डावर छापलेली क्षमता आणि आतली क्षमता यांत तफावत असते. सुरुवातीचे फोटो नीट उतरतात, पुढचे नुसतेच उतरल्याचा भास होतो. संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने पूर्ण कार्ड भरून तपासता येते. त्याला वेळ लागतो, पण समारंभाआधी तो काढावा.

घरातील एक्सडी, स्मार्टमीडिया किंवा मेमरी स्टिकवर जुने फोटो असतील तर ते काढून घेण्याचे काम लांबणीवर टाकू नये. ही कार्डे वाचणारे रीडर आता दुकानांत सहज दिसत नाहीत. जुना कॅमेरा सुरू होत असेल तर त्याच्या यूएसबी केबलने थेट संगणकाला जोडणे हा सोपा मार्ग. म्हणून कॅमेरा भंगारात देण्यापूर्वी केबल आणि चार्जर शोधावेत. चुकून फोटो पुसले गेले असतील तर त्या कार्डावर नवा फोटो काढू नये. पुसताना बहुधा फक्त नोंद जाते, मजकूर जागेवरच राहतो आणि फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रामने तो अनेकदा परत मिळतो.