घोड्याच्या शेपटीवरची खूण

ब्रॉकनहर्स्ट गावात सायकल भाड्यानं घेतली तेव्हा दुकानदारानं दोन गोष्टी बजावल्या. खुणा केलेल्या वाटा सोडायच्या नाहीत. आणि रस्त्यात घोडा उभा असेल तर घंटी बडवायची नाही. थांबायचं. तो हलला की आपण हलायचं.

कंपनीच्या कामासाठी काही महिने साउदॅम्प्टनला होतो. तिथून जवळच दक्षिण इंग्लंडचं ‘न्यू फॉरेस्ट’ आहे. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी ठरवलं, आज कुठेही वेळेवर पोचायचं नाही. नुसती सायकल चालवायची.

गावाबाहेर पडलो आणि पाच मिनिटांत खरंच एक घोडा आडवा आला. शांतपणे रस्त्याच्या मधोमध उभा. मागे एक गाडीही थांबली, पण कुणी हॉर्न वाजवला नाही. घोड्याकडे बघत बसलो, तेव्हा दिसलं की त्याच्या शेपटीचे केस पायरीपायरीनं कापलेत. कुणाच्या तरी हौसेची कटिंग असेल असं वाटलं. नंतर कळलं की ती पावती आहे.

ती कसली पावती, हे समजायला जरा मागे जावं लागतं. या जंगलाच्या नावात ‘न्यू’ आहे, पण ते नवं होतं 1079 साली. विल्यम द कॉन्करर या राजानं तेव्हा हा मुलूख स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवला. त्या काळी ‘फॉरेस्ट’ म्हणजे झाडी नव्हे, तर राजाचा वनकायदा चालतो ती जमीन. म्हणून आजही इथे अर्धा वेळ तुम्ही सुकत आलेल्या हीदरच्या उघड्या माळावरून जाता आणि मग अचानक ओक-बीचच्या गर्द राईत शिरता. दोन्ही ‘फॉरेस्ट’च. जंगल आधी कागदावर उगवतं, मग जमिनीवर.

राजाचं हरीण मारणाऱ्याला त्या कायद्यात भयंकर शिक्षा होत्या. पुढे याच जंगलात विल्यमचा मुलगा, राजा विल्यम रूफस, 2 ऑगस्ट 1100 रोजी शिकारीच्या वेळी बाण लागून मेला. अपघात की घात, हा वाद अजून मिटलेला नाही. मिन्स्टेड गावाजवळ त्याच्या नावाचा स्मृतिस्तंभ आहे. तिथे मी सायकल टेकवून सँडविच खाल्लं.

पण खरी गोष्ट राजांची नाही. 1217 मध्ये ‘चार्टर ऑफ द फॉरेस्ट’ नावाची सनद निघाली. हरणासाठी कुणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही, आणि मोकळ्या माणसांचे जंगलातले जुने हक्क चालू राहतील, असं तिनं मान्य केलं. गुरं चारणं, जळण आणणं, शरदात डुकरांना ओकची फळं खायला सोडणं, असे ते हक्क. ते घराला-जमिनीला जोडलेले असतात. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांना ‘कॉमनर’ म्हणतात.

हे सगळं संग्रहालयात नाही, रस्त्यावर आहे. मिन्स्टेडहून परतताना चार-पाच डुकरं झाडाखाली ओकची फळं कुरकुर चावत होती. ही फळं जास्त खाल्ली तर घोड्यांना-गुरांना विषबाधा होते. डुकरांना काही होत नाही, म्हणून डुकरं आधी सोडतात. आणि ती शेपटी? कॉमनरनं त्या वर्षाची चराईची फी भरली की ‘ॲजिस्टर’ नावाचा कर्मचारी घोड्याची शेपटी ठरावीक पद्धतीनं कापतो. घोडा कुठल्या भागातला, तेही त्या कापावरून कळतं. लिंडहर्स्टमध्ये ‘व्हर्डरर’ लोकांचं न्यायालय आजही भरतं, आणि तिथे कुणीही उभं राहून जंगलाबद्दलचं गाऱ्हाणं मांडू शकतं.

हे आपोआप टिकलं नाही. आरमाराला जहाजांसाठी ओक हवा होता, म्हणून 1698 च्या कायद्यानं कुंपणं घालून लागवड सुरू झाली. ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनच्या ताफ्यात असलेलं ‘आगामेम्नॉन’ इथल्याच बकलर्स हार्डला बांधलेलं. 1851 च्या कायद्यानं आणखी 10,000 एकरांवर कुंपण घालायची मुभा सरकारला दिली. तेव्हा कॉमनर आणि जंगलावर प्रेम करणारे शहरी लोक एकत्र आले. 1871 मध्ये हेन्री फॉसेट या अंध खासदारानं पार्लमेंटात ठराव आणून तोड आणि कुंपणं थांबवली. शेवटी 1877 चा न्यू फॉरेस्ट कायदा आला. नवी कुंपणं बंद झाली, जुन्या रायांना संरक्षण मिळालं, कॉमनरांचे हक्क शाबूत राहिले.

रात्री खोलीवर हे वाचताना ते साल डोक्यात अडकलं. 1877. कारण पुढच्याच वर्षी, 1878 मध्ये, त्याच साम्राज्यानं भारतीय वन कायदा केला.

त्यात सरकार कुठलंही सरकारी जंगल ‘राखीव’ करू शकत होतं. आपला हक्क सांगायला लोकांना किमान तीन महिन्यांची मुदत. मुदतीत दावा केला नाही, तर हक्क संपला. ज्याला वाचता येत नाही, त्यानं काय करायचं?

माझं आजोळ मुरबाड तालुक्यातलं. भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायला फांद्या-पाला लागतो. त्याला आम्ही राब म्हणतो. ठाणे-कुलाब्यात या राबावरून एवढा असंतोष झाला की 1885 मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याच सुमारास जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गावाची गायरानं गिळणाऱ्या जंगल खात्यावर कोरडे ओढले. 1930 मध्ये चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला.

फॉसेटला इंग्लंडमध्ये ‘हिंदुस्थानचा खासदार’ म्हणायचे. आपल्या खर्चाचे हिशेब तो पार्लमेंटात मागायचा. पण न्यू फॉरेस्टच्या मागे मतदार होते, जमीनदार होते, वर्तमानपत्रं होती. आपला कायदा झाला तो व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये, आणि तिथे लोकांनी निवडून दिलेला एकही सभासद नव्हता. ओक आणि साग यांत फरक नव्हता. फरक होता तो कुणाचं गाऱ्हाणं ऐकलं जातं यात.

आपल्याकडे वनहक्क कायदा आला 2006 मध्ये. त्यानं झालेला अन्याय कबूल केला आणि 2009 मध्ये गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला. 1878 पासून मोजलं तर 131 वर्षं.

लहानपणी आजी मोळी घेऊन येताना कायम आडवाटेनं यायची. मला वाटायचं, जवळचा रस्ता आहे म्हणून. न्यू फॉरेस्टमध्ये मुख्य रस्त्याच्या मधोमध निवांत उभ्या असलेल्या त्या घोड्यामागे थांबलो, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की तो रस्ता जवळचा नव्हता. तिथे गार्ड भेटत नसे, एवढंच.