जुना फेंडर अँप खरंच ‘ओरिजिनल’ आहे का? आतले आकडे काय सांगतात?

‘१९६५ चा फेंडर डिलक्स रिव्हर्ब, ऑल ओरिजिनल.’ जुन्या गिटार अँपच्या जाहिरातीत हे शेवटचे दोन शब्द आले की किंमत चढते. पण साठ वर्षं वाजलेल्या यंत्रात सगळं मूळचं कसं असेल?

उत्तर पेटीच्या आत सापडतं. त्या काळी अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांवर कारखान्याचा आणि तारखेचा कोड छापायची पद्धत होती. ट्रान्सफॉर्मरवर ६०६-५-२५ दिसलं तर ६०६ म्हणजे शूमाकर कंपनी, ५ हे वर्षाचं शेवटचं अंक आणि २५ वा आठवडा. स्पीकरवर २२० म्हणजे जेन्सन, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड. नॉबमागच्या पॉटवर १३७ असेल तर तो सीटीएसचा.

आता ५ म्हणजे १९५५, १९६५ की १९७५? हे मॉडेलवरून ठरवायचं. डिलक्स रिव्हर्ब १९६३ मध्ये आला, त्यामुळे १९५५ बाद. १९६७-६८ च्या सुमारास फेंडरचं काळं पॅनल चंदेरी झालं. म्हणजे काळ्या पॅनलच्या अँपमध्ये ५ चा अर्थ बहुधा १९६५.

पेटीच्या आत व्हॉल्व्हचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यावर अनेकदा दोन इंग्रजी अक्षरांचा शिक्का सापडतो. पहिलं अक्षर वर्षाचं, ‘ए’ म्हणजे १९५१. दुसरं महिन्याचं. ‘ओई’ म्हणजे मे १९६५.

इथेच बहुतेक जण फसतात. कोडवरून भाग बदललाय हे सिद्ध होतं, तो मूळचा आहे हे नाही. मे १९६५ च्या अँपमध्ये १९६८ चा ट्रान्सफॉर्मर असेल तर तो नंतर बसवलेला, विषय संपला. पण जानेवारी १९६५ चा असेल तर तो त्याच अँपचा असेल किंवा दुसऱ्या मोडीत निघालेल्या अँपमधून काढलेला. उलट, भाग अँपपेक्षा बराच जुना असला म्हणून लगेच संशय घ्यायचीही गरज नाही. फेंडरने १९६६ मध्ये पॉट्सचा एवढा साठा केला की ते पुढची काही वर्षं वापरात होते.

म्हणून सोल्डर बघायचं. जुनं सोल्डर मंद, धूळ बसलेलं असतं. मधलाच एखादा जोड चकचकीत दिसला, तर तिथे कुणीतरी हात घातलाय. स्पीकरचा कोड फ्रेमवर असतो, त्यामुळे आतला कागदी कोन नवा असला तरी कोड जुनाच दिसतो. आणि आत प्रिंटेड सर्किट बोर्ड दिसला तर गोष्टच वेगळी: साठच्या दशकातले हे अँप हाताने वायरिंग केलेले होते.

एक मात्र लक्षात ठेवा, प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर वीज साठलेली असू शकते. ती जीव घेऊ शकते. चासी उघडायची ती जाणकार टेक्निशियननेच.

आणि काही भाग मूळचे नसलेलेच बरे. व्हॉल्व्ह झिजतात, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळतात. जुन्या दोन पिनांच्या वायरबरोबर एक कपॅसिटर थेट चासीला जोडलेला असायचा. तो शॉर्ट झाला की गिटारच्या तारांमध्ये करंट. गिटारिस्ट त्याला ‘डेथ कॅप’ म्हणतात, उगाच नाही. तो काढून तीन पिनांची वायर बसवली असेल तर समजूतदार ग्राहक त्यासाठी फारसे पैसे कापत नाहीत. मूळचा ट्रान्सफॉर्मर किंवा स्पीकर गेला असेल, तर मात्र कापतात.

काही विक्रेते काढलेले जुने भाग पिशवीत घालून अँपबरोबर देतात. ती पिशवी आवर्जून मागावी.