निद्रा, सत्ता आणि भावंडे
झोपेच्या वेळेवरील इंग्रजी चित्रपुस्तके ही अंगाईचीच मुद्रित रूपे होत, असे सहज मानले जाते. या प्रकाराचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. मार्गारेट वाइज ब्राऊन आणि क्लेमेंट हर्ड यांच्या ‘गुडनाइट मून’मध्ये (१९४७) खोली हळूहळू अंधारत जाते, घड्याळ ७ वरून ८.१० वर येते. रसेल होबन यांच्या ‘बेडटाइम फॉर फ्रान्सिस’मध्ये (१९६०) मूल ही शांतता नाकारते, तेव्हा बाप झोपेला मुलाचे ‘काम’ ठरवतो आणि माराचा धाक घालतो. गोंधळाला उत्तर देणारा आवाज प्रौढाचाच राहतो. मार्टिन वॅडेल यांच्या ‘आउल बेबीज’मध्ये (१९९२, चित्रे : पॅट्रिक बेन्सन) घुबडाची तीन पिल्ले रात्री जागी होतात तेव्हा आई ढोलीत नसते. थोरली सारा धीर देते, पर्सी तिची री ओढतो, धाकटा बिल एकच वाक्य घोकत राहतो. प्रौढसत्ता येथे नाहीशी होत नाही. ती थोरलीच्या वाणीत उतरते. धाकट्याचे बालपण टिकते, ते तिने स्वतःचे बाजूला ठेवल्यामुळे. अंगाईच्या निकषाने वाचणाऱ्या समीक्षेला ही किंमत दिसत नाही. कारण तो निकषच मुळी झोपवणाऱ्याचा आहे.