शस्त्रक्रियेपूर्वीची पावलांची तयारी

पायाच्या शस्त्रक्रियेपूर्वी नखे व पावलांची त्वचा स्वच्छ, कोरडी आणि जखमविरहित ठेवण्यासाठी रुग्णाने घ्यावयाच्या काळजीस पावलांची पूर्वतयारी असे म्हणतात. शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग टाळणे हा तिचा मुख्य हेतू होय.

पार्श्वभूमी

शस्त्रक्रियागृहात त्वचेला जंतुनाशक लावले जाते. तथापि नखांच्या कडा व बोटांच्या बेचक्या येथील जंतू त्यानेही पूर्णतः नष्ट होत नाहीत. नांदेड व लातूर जिल्ह्यांत शेतात अनवाणी राबणाऱ्यांच्या टाचांना भेगा पडतात, तर पावसाळ्यात पाय सतत ओले राहिल्याने बेचक्यांत चिखल्या होतात. या दोन्हींतून जंतूंचा शरीरात शिरकाव होऊ शकतो. अशा कारणाने नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाऊ शकते. म्हणून भेगा, चिखल्या किंवा जखम पहिल्या तपासणीतच दाखवणे हितावह असते.

नखे

नखे काही दिवस आधी सरळ रेषेत कापावीत. कोपरे खोलवर कोरू नयेत. जाड, पिवळसर नखांत बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि त्याच्या उपचारास काही महिने लागतात. शस्त्रक्रियेनंतर नख दाबून रक्तपुरवठा पाहिला जातो. त्यामुळे नखरंग पूर्णपणे काढावा व मेंदी लावू नये.

त्वचा

आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी साबणाने स्नान करून बेचक्या कोरड्या कराव्यात. भेगांना मलम आधीच्या आठवड्यांत लावावे. शस्त्रक्रियेच्या दिवशी तेल वा मलम लावू नये. कुरूप पात्याने कापू नये, भेगांत हळद किंवा चुना भरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शस्त्रक्रियेच्या जागेवरील केस वस्तऱ्याने काढू नयेत. आवश्यकच असल्यास ते यंत्राने कातरावेत.

जोडवी

जोडवी हे सौभाग्यलेणे असल्याने ती उतरवण्यास अनेक स्त्रिया संकोचतात. परंतु सूज आल्यावर जोडवे रुतून बोटाचा रक्तपुरवठा खंडित होऊ शकतो. घट्ट जोडवे आदल्या दिवशीच साबण लावून काढावे. न निघाल्यास रुग्णालयात ते कापून काढता येते.

मधुमेह

मधुमेहात पायाची संवेदना कमी झाल्यास जखम जाणवत नाही. अशा रुग्णाचे तळवे घरातील व्यक्तीने रोज पाहावेत. रक्तातील साखर व चालू औषधे यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. कोणतेही औषध परस्पर बंद करू नये.

स्थानिक सुविधा

नांदेडजवळ विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९८८) आणि लातूर येथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. दोन्ही ठिकाणी अस्थिरोग विभाग आहेत.