दोमिए यांचे ‘तुइलरीतील पॅरिसचे पोर’

ओनोरे दोमिए यांचे हे शिळाछापाचे चित्र, म्हणजे चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने रेखाटून, पाणी व स्निग्ध शाई एकत्र येत नाहीत या गुणधर्माच्या आधारे कागदावर उतरवलेले चित्र, मार्च १८४८मध्ये ‘ल शारिव्हारी’ या पॅरिसच्या व्यंगपत्रात प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारीला राजा लुई-फिलिपने गादी सोडल्यावर जमाव तुइलरी राजवाड्यात शिरला, त्या प्रसंगावर ते आधारलेले असून, सिंहासनावर बसलेल्या रस्त्यावरच्या पोराला त्याच्या मऊ बैठकीत आपण रुततो आहोत याचेच अप्रूप वाटते आहे. याच राजाच्या व्यंगचित्रापायी दोमिए यांनी १८३२मध्ये तुरुंगवास भोगला होता, हे ध्यानात घेतले तरच चित्रातील मोकळा आनंद पुरता कळतो. ह्युगो यांच्या कादंबरीतील असाच रस्त्यावरचा मुलगा गाव्ह्रोश १८६२चा, म्हणजे या पोरानंतर १४ वर्षांनी आलेला आहे.