खेळाची रीत कोणाची?

२८ ऑगस्ट २०२० रोजी आर्मेनिया या लहानशा देशाचा बुद्धिबळसंघ निषेध म्हणून स्पर्धेतून निघून गेला, आणि दोनच दिवसांनी, ३० ऑगस्टला, त्याच स्पर्धेचे सुवर्णपदक भारत आणि रशिया यांना विभागून मिळाले. दुसऱ्या घटनेचा आनंद नाशकात घरोघर झाला, आणि तो योग्यच होता. कारण आपल्या संघाचा कर्णधार या गावचा विदित गुजराथी होता. पहिली घटना मात्र कोणाच्या तोंडी आली नाही. आमच्याही आली नाही. या दोहोंचा एकमेकींशी संबंध आहे हे उमगावयास आम्हांस बरेच दिवस लागले, आणि उमगले ते एका निराळ्याच, जरा लाजिरवाण्या कारणाने. त्याची हकीकत पुढे येईल.

आधी घडले काय ते सांगतो. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षीचे बुद्धिबळ ऑलिंपियाड प्रथमच आंतरजालावर खेळले गेले. १६० हून अधिक देशांचे खेळाडू आपापल्या घरी संगणकापुढे बसून खेळले. प्रत्येकास डावासाठी १५ मिनिटे आणि दर चालीमागे ५ सेकंद. उपान्त्यपूर्व फेरीत भारताची गाठ आर्मेनियाशी पडली. निहाल सरीन आणि हाइक मार्तिरोस्यान यांच्या डावात आर्मेनियाच्या खेळाडूचा संपर्क तुटला, घड्याळ चालूच राहिले, आणि तो डाव भारताच्या खाती जमा झाला. पहिला सामना आपण ३½–२½ असा जिंकला. दोष आमचा नव्हे, असे आर्मेनियाचे म्हणणे होते. ते फेटाळले गेले, तेव्हा दुसरा सामना खेळण्यास त्यांनी नकार दिला. अंतिम फेरीत नेमकी तीच आपत्ती आपल्यावर आली. पहिला सामना बरोबरीत सुटला होता. दुसऱ्यात निहाल आणि नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख या दोघांचा संपर्क तुटला, दोघेही वेळेवर हरले, आणि रशिया विजयी असे प्रथम जाहीर झाले. भारताने दाद मागितली. जागतिक संघटनेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले.

त्या दिवशी इंटरनेटची एक मोठी वाहिनी अनेक देशांत बंद पडली होती, म्हणून दोन्ही प्रसंग तंतोतंत सारखे नव्हेत, हे खरे. परंतु तार तुटली आणि डाव गेला, एवढेच हरणाऱ्यास कळते. दोनांपैकी एकाला न्याय मिळाला, दुसऱ्यास नियम मिळाला.

असे काही घडले की खिलाडूपणाचा विषय निघतो, आणि अमुक देशाचे लोक हार पचवू शकत नाहीत, तमुक देशाचे मोठ्या मनाचे, अशी प्रमाणपत्रे वाटली जातात. जणू खेळातील रीत ही रक्तात असते! आमची समजूत निराळी आहे. एकाची रीत दुसऱ्यास उद्धटपणा वाटते, तेव्हा बहुधा दोघांच्या मनात दोन निरनिराळी नियमपुस्तके उघडी असतात. आणि त्यांपैकी एकच छापलेले असते.

बुद्धिबळाचेच पाहा. आज जगभर चालतात ते नियम युरोपात घडलेले. आपल्याकडे आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत देशी पद्धतीचा डाव मांडला जाई. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चाले. राजाला शह बसण्यापूर्वी एकदा घोड्याची उडी घेण्याची मुभा असे. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे हवे ते मोहरे होत नसे. त्या पट्टीचे जे मोहरे तेच त्याने व्हावयाचे. प्याद्याने केलेली मात ती सर्वांत मानाची. परंतु या साऱ्यांहून आम्हांस महत्त्वाची वाटते ती बुर्जी. प्रतिपक्षाची सगळी मोहरी मारून त्याचा राजा एकटा उरला, तर तो विजय नव्हे. डाव बरोबरीत सुटला असे समजत. म्हणजे पूर्ण जिंकावयाचे तर समोरच्याकडे काही तरी शिल्लक ठेवूनच मात करावी लागे. बलवान खेळाडूला आपल्या हावेला आवर घालावा लागे, आणि दुबळ्याला अखेरचे प्यादे जाईपर्यंत खेळत राहण्यात अर्थ असे, कारण पुरता नागवला गेला तर तो सुटे!

आता आजचे दृश्य घ्या. सातपूर-अंबडकडील कारखान्यांतून निवृत्त झालेले आमचे काही स्नेही नातवाच्या फोनवर बुद्धिबळ खेळतात. वजीर गेला, दोन्ही हत्ती गेले, तरी ते डाव सोडत नाहीत. समोरचा कोणी परदेशी मुलगा चिडतो, आणि तुम्हांला रीत नाही, डाव केव्हाच सोडून द्यावयास हवा होता, असे लिहून कळवितो. युरोपीय मंडळांतील शिष्टाचार तसाच आहे. हरलेला डाव रेटणे म्हणजे समोरच्याच्या बुद्धीवर अविश्वास दाखविणे. पण आमच्या स्नेह्यांच्या अंगात वडिलांकडून आलेली बुर्जी आहे. ते अपमान करीत नाहीत. सुटकेची वाट पाहतात. दोघेही आपापल्या रीतीने सभ्यच आहेत.

हा सांधेबदल एका रात्रीत झालेला नाही. १८१४ साली, म्हणजे पेशवाई बुडण्याच्या चार वर्षे आधी, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत बुद्धिबळग्रंथाचा इंग्रजी अनुवाद मुंबईत छापला गेला. त्यातील डाव युरोपीय पद्धतीस जुळवून घेतले आहेत, असे त्याच्या नावातच म्हटले आहे. राज्य अजून पुरते गेले नव्हते, आणि पट मात्र जुळवून घेऊ लागला होता. पुढे १९२९ साली पंजाबातील सुलतान खान आपले मालक सर उमर हयात खान यांच्याबरोबर इंग्लंडात गेला. देशी नियमांवर वाढलेला हा माणूस. एकेक घर चालणाऱ्या प्याद्यांची सवय असल्याने विलायती डावाची सुरुवात त्याला नेहमी जड जाई. तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षे तो ब्रिटिश विजेता झाला; हेस्टिंग्जच्या १९३०–३१ च्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरविले. आणि मालकाच्या घरी जेवावयास आलेल्या अमेरिकन बुद्धिबळपटूंना वाढावयास कोण उभा राहिला? हाच सुलतान खान. रूबेन फाइन या खेळाडूने तो प्रसंग लिहून ठेवला आहे. पाहुणे संकोचले होते. जागतिक संघटनेने त्याला ग्रँडमास्टरची सन्माननीय पदवी दिली ती २०२४ साली, त्याच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

वाढण्याचे आणि चहाचे नाव निघाले म्हणून पटावरून थोडे मैदानाकडे वळतो, कारण तेथे असाच एक पेला आहे. पळवणकर बाळू हे पुण्यात युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टी झाडीत, जाळी लावीत, आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करीत. पगार महिना चार रुपये. त्यांना फलंदाजी करावयास मात्र देत नसत. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले, कारण त्यांच्यावाचून जिंकणे शक्य नव्हते. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातून फिरे; चहाच्या वेळी बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या पेल्यात चहा मिळे, जेवण वेगळ्या जागी. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्यात बाळूंचे आठ बळी होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. कर्णधारपद त्यांना कधी दिले गेले नाही; ते १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. पंचाचा निर्णय निमूट मानणे याला तेव्हाचे पुस्तकी लोक खिलाडूपणा म्हणत. मातीच्या पेल्याबद्दल त्या पुस्तकात कलम नव्हते.

बुद्धिबळातही अशी कलमे मागून घालावी लागली. १९७६ साली मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा तेव्हाचे जागतिक अध्यक्ष मॅक्स यूवे यांना द्यावा लागला. याच्या उलट अलीकडचा प्रसंग आहे. जानेवारी २०२५ मध्ये नेदरलँड्समधील स्पर्धेत उझबेकिस्तानच्या याकुब्बोएव्ह या खेळाडूने आर. वैशालीचा पुढे केलेला हात हाती घेतला नाही. धार्मिक कारणाने आपण परस्त्रीस स्पर्श करीत नाही, असा खुलासा त्याने केला, क्षमा मागितली, आणि नंतर फुले घेऊन तिला भेटला. एका अनुच्चारित नियमाचा दुसऱ्या अनुच्चारित नियमावर पाय पडला, एवढेच ते होते. हात पुढे करून तो रिकामाच मागे घ्यावा लागला तो वैशालीला, हे मात्र विसरता कामा नये.

फोनवरच्या खेळांत तर हे रोज घडते, आणि तेथे समोरच्याचा चेहराही दिसत नाही. आमच्या पोरांनी आम्हांस ‘जीजी’ म्हणजे काय ते शिकविले: खेळ छान झाला, या अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे. दक्षिण कोरियात स्टारक्राफ्ट नावाच्या खेळात हरणाऱ्याने ही अक्षरे लिहूनच मैदान सोडावयाचे, ही मानाची चाल झाली. तीच अक्षरे जिंकणाऱ्याने आधी लिहिली तर कित्येक ठिकाणी ती टोमणा ठरतात. कंत्राटी कामावर बिहार, नांदेड, ओडिशा येथून आलेली मुले पाळी सुटल्यावर एकाच खोलीत बसून बॅटलग्राउंड्स खेळतात. आईबहिणीवरून दिलेली शिवी एकाच्या गावी लाडाची, दुसऱ्याच्या गावी रक्त काढणारी. खोलीत एकत्र जेवणारी मुले ती हसून सोडतात. फोनच्या पलीकडल्या अनोळखी माणसाला ती सोडता येत नाही.

आणखी एक भेद बारीक आहे. गावच्या पारावर बुद्धिबळ दोघांचे कधीच नसते. दहा जण वाकून बघतात, ‘घोडा काढ, घोडा!’ म्हणून ओरडतात, आणि कोणाला ते गैर वाटत नाही, कारण दोन्ही बाजूंना सल्ला मिळतो आणि तो उघड मिळतो. आंतरजालावर हीच मदत चोरी ठरते, आणि ठरावीच. कारण तेथे ती लपून एकालाच मिळते. १३ जून २०२१ रोजी करोना मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद यांच्याशी झालेल्या सामन्यात एका मोठ्या उद्योजकाने संगणकाचे आणि जाणकारांचे साहाय्य घेतले, आणि नंतर स्वतःच तसे कबूल केले. पारावरचा म्हातारा आणि हा उद्योजक यांना एकाच मापाने मोजणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांना पार ठाऊक नसावा.

सारीपाटाचेही असेच झाले. आपल्या सारीपाटात समोरासमोरचे दोघे भागीदार. स्वतःच्या सोंगट्या घरी पोचल्या तरी जोडीदाराच्या पोचल्यावाचून डाव जिंकत नसे. इंग्लंडात १८९६ साली याच खेळाचा लुडो करून पेटंट घेतले गेले, आणि लुडोत जो तो आपापला. आज आपली मुले फोनवर खेळतात तो हा परत आलेला लुडो. भागीदार बोटीतच राहिला.

आता ती हकीकत. २०२० च्या जुलैत, टाळेबंदी अर्धवट उठली असता, आम्ही कामगारांसाठी फोनवर बुद्धिबळाची स्पर्धा ठेवली. नियम आम्हीच केले, आणि घड्याळ म्हणजे घड्याळ, हा त्यांतील पहिला. उपान्त्य फेरीत एक कंत्राटी मुलगा कचेरीतील एका कारकुनाविरुद्ध खेळत होता. डाव मुलाचा होता, हे आम्हांलाही दिसत होते. मुलाच्या वस्तीतील वीज गेली, मनोऱ्याचा संपर्क गेला, आणि वेळ संपली. कारकुनाच्या घरी पक्की तार होती. त्याने गुण मागितला, नियमाप्रमाणे तो त्याचाच होता, आणि आम्ही दिला. मुलगा रात्री शेजाऱ्याच्या फोनवरून बोलला. डाव पुन्हा खेळवा, इतकेच म्हणाला. आम्ही त्याला खिलाडूवृत्तीवर पाच मिनिटे ऐकविले. तीस वर्षे मालकांच्या स्थायी आदेशांतील एकेका कलमावर भांडलेला माणूस, आणि स्वतः कलम लिहावयास बसलो तेव्हा वीज कोणाकडे जाते आणि कोणाकडे नाही, हा प्रश्न आम्हांस सुचला नाही! तिसऱ्या क्रमांकाच्या डावाला तो आला नाही. पोरगा रुसका आहे, असे आम्ही समितीत बोललो.

महिन्याभराने भारताला सुवर्णपदक मिळाले, आणि निहाल व दिव्या यांच्यावर अन्याय होता होता टळला म्हणून आम्ही युनियनच्या कचेरीत पेढे वाटले. आर्मेनियाविषयी वाचले ते पुष्कळ नंतर, एका जुन्या वर्तमानपत्रात.

पुढच्या वर्षी नियमपत्रक नव्याने लिहिले. वीज वा संपर्क गेल्यास डाव त्याच स्थितीपासून दुसऱ्या दिवशी पुढे चालवावा, आणि ज्याच्याकडे तार नाही त्याने युनियनच्या कचेरीत बसून खेळावे, अशी दोन कलमे घातली. कारकुनानेच ती सुचविली, हेही नमूद केले पाहिजे. त्या मुलाला कळवावे म्हणून खोलीवर गेलो. कंत्राट संपून तो सिन्नरकडे गेला, असे खोलीतल्यांनी सांगितले. शेजाऱ्याचा तो फोन लागत नव्हता.