पोलाद कोणाकडून घ्यायचं?

इंदापूर तालुक्यात भवानीनगरला छत्रपती साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड टोळ्या येतात. या धंद्यात 'एक कोयता' म्हणजे एक नवरा-बायकोची जोडी! उचल, हिशोब सगळं कोयत्यावर. मजुरी टनावर मिळते, त्यामुळे धार गेली की कमाई गेली. आणि पातं मध्येच तुटलं तर हातापायावरच बेतायचं. मग हे पोलाद भरवशाचं आहे हे ठरवतं कोण?

प्रश्न जुना आहे. सतराव्या शतकात मराठ्यांना युरोपियन पाती फार आवडायची. पातं तिकडचं, मूठ इथली, नाव 'फिरंग'. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांनी १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेली तलवार अशीच, पात्यावर 'आयएचएस' हा ख्रिस्ती शिक्का. पण शिक्क्यावर किती विसंबायचं? पासाऊ गावचा लांडग्याचा शिक्का झोलिंगेनवाल्यांनी उचलला, आंद्रेया फेरारा हे नाव तर ज्याने त्याने ठोकलं. आपले कारागीरही परदेशी शिक्क्यांची नक्कल करण्यात मागे नव्हते. थोडक्यात, डुप्लिकेट ब्रँड हा काही आपल्या पिढीचा शोध नाही!

इराणी व्यापाऱ्यांनी वेगळा उपाय काढला. निजामाबादजवळच्या कोनासमुद्रमला मुशीत पोलाद व्हायचं, आणि हे लोक थेट भट्टीपाशी येऊन माल पारखून न्यायचे. हेन्री व्हॉयसी या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकात त्याचं वर्णन केलंय. आपल्या भाषेत, व्हेंडर ऑडिट.

तिसरा उपाय प्रयोगाचा. १७९४ मध्ये मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या 'वूट्झ' पोलादाचे नमुने लंडनला पाठवले. जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ मध्ये त्यावर रॉयल सोसायटीत निबंध वाचला. जेम्स स्टोडार्ट नावाच्या चाकू-हत्यारं बनवणाऱ्याने ते तापवून, ठोकून, धार लावून पाहिलं. पुढे १८२० च्या सुमारास याच स्टोडार्टने पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले ते मायकेल फॅरडेबरोबर. हो, तोच विजेचा फॅरडे. लोहाराचाच मुलगा तो!

आता पुन्हा कोयत्याकडे. लोहार बऱ्याचदा भंगारातून ट्रकच्या कमानीचा पाटा आणतो. तो वेडेपणा नाही. पाट्यात साधारण ०.५ ते ०.६५ टक्के कार्बन असतो, त्यामुळे तो तापवून विझवला की कडक होतो. साध्या बांधकामाच्या लोखंडात कार्बन इतका कमी असतो की धार टिकतच नाही. शिवाय पाटा ट्रकखाली वर्षानुवर्षं वाकत-सरळ होत आलेला असतो, हेच त्याचं सर्टिफिकेट. फक्त एक गोम आहे. त्याच वाकण्यामुळे जुन्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारी चीर पडलेली असू शकते.

म्हणून सुट्टीत चाकू बनवायची हौस असेल, तर दुकानदाराच्या शब्दावर, किंवा माझ्याही, जाऊ नका. छोटा तुकडा लाल तापवा, तेलात विझवा, फडक्यात गुंडाळून आणि डोळ्यांना चष्मा लावून तोडा. नुसता वाकला तर ते चाकूचं पोलाद नाही. कट्‌कन तुटून आतला कण बारीक, राखाडी दिसला, तर त्याच दुकानातून, त्याच गठ्ठ्यातला माल घ्या. पुढच्या गठ्ठ्याला मात्र परीक्षा पुन्हा पहिल्यापासून.